दोन बोटं, मानेसकट

३ मार्च

चि. झाकणीस,
मामाचे पोटभर आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. फोन का नाही केला म्हणशील, तर दुसराही फोन गेला. पहिला चौथ्या मजल्यावरून पडला होता, हा सातव्या. तुझी मामी म्हणते, तिसरा आणायचा तर गळ्यात दोरी अडकवूनच. फोनच्या गळ्यात की माझ्या, ते काही तिने सांगितलं नाही.

काम असं आहे की माझी मान जळते. कॉलरच्या वर आणि केसांच्या खाली चार बोटांची पट्टी उरते ना, ती पोळून लाल झालीये आणि आता तिची सालं निघतायत, जुना डिस्टेंपर सुटतो तशी. डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, उन्हाचं क्रीम लावा. मी म्हटलं, अहो, सत्तावन्न वर्षांचा रंगारी आहे मी, क्रीम कसलं लावताय? तो हसला नाही. म्हणाला, मानेवरचा तो तीळ मला आवडलेला नाही, सहा महिन्यांनी परत दाखवा आणि तोवर क्रीम लावा.

म्हणून दुकानात गेलो. तिथल्या मुलीने चार ट्यूबा मांडल्या. एकीवर १५, एकीवर ३०, दोघींवर ५०. १५ म्हणजे मला गणितात पडायचे तेवढे. शिवाय बाजूला अधिकची चिन्हं, कुठे दोन, कुठे चार. मी विचारलं, पन्नास म्हणजे पन्नास मिनिटं का? ती म्हणाली, काका, मोठा नंबर घ्या. मोठा नंबर घ्यायला ती काय चप्पल आहे? हात हलवत परत आलो. घरची पोरगी औषधांच्या दुकानात काउंटरवर बसते, तर मी परक्या पोरीकडून का शिकू? तेव्हा तू नीट समजावून लिही.

आता खरी बातमी. शेवटचं काम घेतलंय. गावाबाहेरची पाण्याची टाकी, आठ खांबांवरची, गोल. एवढी रंगवली की फळीवरून उतरायचं ते कायमचं. मामीला तसं वचन दिलंय. मे महिन्यात शेवटचा हात मारून होईल, आणि त्या दिवशी खाली तू हवीस. आठवतंय ना? फळीवर लोंबकळणाऱ्याला भिंत कधी अख्खी दिसत नाही. नाकासमोरची दोन हात दिसते, बस. खाली लांब उभं राहून कुणीतरी ओरडावं लागतं की डावीकडे राहिलं, वर पातळ लागलंय. तू सात वर्षांची असल्यापासून माझे खालचे डोळे आहेस. डब्यांची झाकणं गोळा करून मांडीवर घेऊन बसायचीस आणि मान वर करून ओरडायचीस. तुझ्याइतकी तिखट नजर पुढे एकाही माणसाला नव्हती.

वर्ष झालं तू आली नाहीस. या वेळी नाही म्हणायचं नाही.

तुझा,
मामा


१० मार्च

प्रिय मामा,

आधी तिळाचं. सहा महिने म्हणजे सहा महिने, सातवा लागला तर मी मामीला पत्र टाकीन. तुझ्यापेक्षा मला तिचाच भरवसा जास्त.

आता नंबर. मिनिटं नाहीत ती. असं समज, उन्हाचे शंभर फटके तुझ्या मानेवर पडायला निघाले. १५ नंबरचं क्रीम त्यातले साधारण सात आत सोडतं. ३० वालं तीन सोडतं आणि ५० वालं दोन. म्हणजे तीस आणि पन्नासमध्ये दिसायला वीसचा फरक, प्रत्यक्षात एका फटक्याचा. शंभरातले शंभर कुणीच अडवत नाही, ट्यूबवर काहीही लिहिलेलं असो. माझ्यासारख्या दुकानात बसणारीला तीसही चालतं. तू दिवसभर भिंतीला चिकटलेला, भिंतीवरून उलटं ऊन अंगावर येतं ते वेगळंच. तू पन्नासचं लाव.

आणि अधिकची चिन्हं. नंबर फक्त पोळण्याचं सांगतो, लाल होणं, सालं निघणं. पण उन्हात दुसरीही एक जात असते. ती पोळत नाही, गुपचूप आत जाते, कातडी जून करते, डाग पाडते. ढगातून येते, खिडकीच्या काचेतूनसुद्धा येते. तिच्यासाठी ती चिन्हं. तीन किंवा चार अधिक असतील तेच घ्यायचं. ज्या ट्यूबवर नंबर मोठा आणि चिन्हाचा पत्ता नाही, ती ठेवून द्यायची. तिसरं म्हणजे घामात आणि पाण्यात टिकेल असं लिहिलेलं हवं.

सोबत एक ट्यूब पाठवते. पन्नास, चार अधिक, घामात टिकणारी. कामावर जायच्या वीस मिनिटं आधी लाव. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मान झाकणारी टोपी हवीच, क्रीम त्यांच्या जोडीला असतं, त्यांच्याऐवजी नाही.

येण्याचं मात्र अवघड दिसतंय रे. दुकानात दुसरं कुणी नाही, काउंटर सोडून हलता येत नाही. बघू.

मामीला नमस्कार.

तुझी,
झाकणी


२४ मार्च

चि. झाकणीस आशीर्वाद.

ट्यूब पोचली. बघून हसूच आलं. पन्नास ग्रॅम! एवढ्यात माझी मिशीसुद्धा रंगायची नाही.

पण पोरीने पाठवलीये तर पुरवून वापरली पाहिजे. म्हणून रंगाऱ्याची अक्कल चालवली. पहिला हात नेहमी पातळ असतो, हे तुलाही माहीत आहे. अर्धी ट्यूब वाटीत पिळली, तेवढंच पाणी घातलं आणि ब्रशच्या दांड्याने घोटली. पन्नासात निम्मं पाणी म्हणजे पंचवीस झालं, एवढं गणित येतं मला. म्हणून दोन हात मारले, पंचवीस आणि पंचवीस पन्नास. जोडीदाराने एक इंची ब्रशने मानेवर असे झकास हात मारले की मलाच माझी मान बघावीशी वाटली. उरलेली ट्यूब सामानाच्या पत्र्याच्या खोलीत ठेवली, छपराखाली.

दुपारी फोड आले.

मामी चार दिवस बोलत नव्हती. आता बोलते, पण ते न बोललेलंच बरं होतं. तुझं क्रीम बोगस आहे असं मी म्हणत नाही. पण कुठेतरी पाणी मुरतंय, ते तूच शोध.

टाकीला खालून चार खांब झाले. काउंटर सोडता येत नाही म्हणतेस, तर एक दिवस दुकानाच्या मालकीणबाईंना बसव की. आणि तोवर तुझा एक फोटो पाठव, ब्रशांच्या पेटीच्या झाकणाला आतून लावतो. वर्षभरात चेहरा विसरलो नाहीये, पण बघावासा वाटतो.

तुझा,
मामा


३० मार्च

मामा!

ब्रश? एक इंची? मी पत्र आईला वाचून दाखवलं. ती हसता हसता खाली बसली, आणि मग तुझ्या फोडांवरून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तुझ्यापुढे हात टेकले आम्ही दोघींनी.

तो ठेकेदार रंगात पाणी ढकलतो म्हणून तू दोन वर्षं त्याच्याशी बोलला नव्हतास, विसरलास? डब्यावर लिहिलेलं असतं ना, एका लिटरमध्ये इतकेच चौरस फूट, आणि त्याने दुप्पट ओढले म्हणून भिंत पहिल्याच वर्षी फाटली? तू स्वतःच्या मानेची तीच गत केलीस. ट्यूबवरचा पन्नास आकडा हा चांगला जाड थर देऊन मोजलेला असतो. थर निम्मा केलास की राखण निम्मीसुद्धा उरत नाही. त्यात पाणी घातलंस की क्रीम फाटतं, कुठे लागतं, कुठे लागतच नाही. त्यावर दुसरा हात मारून काही भरून येत नाही. पंधरा आणि पंधरा तीस होत नाहीत, पंचवीस आणि पंचवीस पन्नास होत नाहीत. आणि पत्र्याखाली भट्टीत ठेवलेली ट्यूब फेकून दे, तापलं की त्यातलं औषध मरतं.

नीट वाच आता. अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट. दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत क्रीमची एकेक रेघ ओढायची. एवढं चेहऱ्याला, कानांना आणि मानेला. दोन बोटं, मानेसकट. पाणी नाही, ब्रश नाही. दर दोन तासांनी परत, घाम पुसलास तर लगेच. या मापाने लावलंस तर एक ट्यूब आठ-दहा दिवसांत संपली पाहिजे. महिनाभर पुरली तर समजायचं की लावलीच नाही. सोबत तीन पाठवते.

या ट्यूबा वेगळ्या आहेत. आधीची घामाबरोबर डोळ्यांत उतरली की अशी झोंबते की रडू यावं. ही झोंबत नाही, फक्त थोडी पांढरी दिसते. का माहितीये? हिच्यात जी पांढरी पूड असते ना, तीच तुझ्या पांढऱ्या रंगातही असते. खरंच. भिंतीसाठी वेगळी दळतात आणि चेहऱ्यासाठी वेगळी, म्हणून लगेच डब्यात बोट घालू नकोस, ओळखून आहे मी तुला. ओठांच्या कडेला लावायला विसरायचं नाही. तिथे सगळ्यात आधी पोळतं, पाच मिनिटांत चुरचुरायला लागतं.

फोटो पाठवते आहे, काउंटरमागे उभी आहे तो.

येणं जमेलसं वाटत नाही मामा. रागावू नकोस.

तुझी,
झाकणी


८ एप्रिल

चि. भाचीस,

फोटो मिळाला. पेटीला लावला नाही.

सदतीस वर्षं रंग कालवतोय मी. एका खेपेला कालवलेला रंग दुसऱ्या खेपेला हुबेहूब येत नाही, आणि दोन खेपा शेजारी लागल्या की मला झोपेतही दिसतात. फोटोतला तुझा चेहरा आणि कानामागची तुझी मान एका खेपेची नाही. गाल या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच छटेचा. जिवंत माणसाचा गाल असा नसतो. रंग मारलायस तू तोंडाला, चांगला जाड, आणि एवढ्या उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या.

ताईने लिहिलं होतं की तुझ्यासाठी स्थळं बघायला लागलो आहोत. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, आता पडला. चांगल्या घरची माणसं येणार, पोरीने नटायला हवं, आणि मामा टाकीवर फळीला लोंबकळतोय, लेंग्यावर सतरा रंग, हे त्यांना दिसायला नको. बरोबर आहे तुमचं. पण मग तसं सरळ लिहायचं होतंस. काउंटर सोडता येत नाही कसलं सांगतेस? ज्या मामाच्या खांद्यावर बसून शाळेत गेलीस त्याला थापा मारायच्या?

तुझ्या बापाच्या माघारी मी तुला काही कमी पडू दिलं, असं मला तरी आठवत नाही. आठवत असेल तर कळव.

खालच्या डोळ्यांची व्यवस्था मी करतो. तू तुझं दुकान सांभाळ.

ट्यूबा मिळाल्या. मापाने लावतोय. सालं थांबली.

मामा


२७ एप्रिल

प्रिय मामा,

तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले. चार वेळा लिहायला बसले आणि चारही कागद फाडले. आईला मी शपथ घातली होती, म्हणून ती गप्प होती. तिच्यावर रागावू नकोस.

रंग मारलाय हे तू बरोबर ओळखलंस. बाकी सगळं चुकलास.

मला कोड आलंय, मामा. गेल्या वर्षी मार्चमध्ये ओठांच्या कडेला बारका पांढरा ठिपका दिसला, मोहरीएवढा. मग डोळ्यांभोवती, मग बोटांच्या पेरांवर. आता डावा हात मनगटापर्यंत पांढरा झालाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे कुणाला लागत नाही, दुखत नाही, तुझ्या हातून काही चुकलं म्हणून आलेलंही नाही. तेवढ्या कातडीतला रंग तयार व्हायचा थांबतो, एवढंच. औषध चालू आहे, वेळ लागेल. फक्त उन्हाला जपायचं, कारण त्या कातडीला स्वतःचं काहीच छप्पर नसतं. क्रीमचं सगळं मी तुला इतकं घडाघडा लिहिलं ना, ते दुकानात शिकलेलं नाही. स्वतःच्या तोंडावर शिकले.

आणि काउंटरवर मी आता नसते. ती थाप होती. आमच्याकडे एक आजी येतात, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला. चार वर्षं माझ्याशी पोटातलं सगळं बोलायच्या. नोव्हेंबरमध्ये मी गोळ्यांचं पाकीट पुढे केलं तर त्यांनी पदराने धरून घेतलं. मग मालकीणबाईंना हळूच म्हणाल्या, उद्यापासून तुम्ही द्याल का? बाई वाईट नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, तू आत साठा बघत जा, तिथे निवांत असतं. तेव्हापासून मी आतल्या खोलीत खोकी उघडते. तुझा तो फोटो दुकान बंद झाल्यावर काढलाय.

डॉक्टरीणबाईंनी मला उन्हात जायला बंदी केलेली नाही. नीट क्रीम, छत्री, बाह्या, आणि खुशाल हिंड म्हणतात. पण मी उजाडायच्या आत दुकानात जाते आणि अंधार पडला की घरी येते. उन्हाचं काय, त्याला पन्नास नंबरची ट्यूब आहे. माणसं बघतात त्याला काय लावू? तू त्या टाकीखाली मला भर उन्हात, उघड्या मैदानात, मान वर करून उभी करणार. येणारे-जाणारे थांबून बघणार. तू वरून बघणार. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली. आजींनी पदर पुढे केला तेव्हा मी घरी येऊन जेवले होते. तू एक क्षण जरी नजर चुकवली असतीस तरी मला पाणी गेलं नसतं.

लाज कसली रे तुझी? शाळेत मी सगळ्यांना सांगायचे, ती तिसऱ्या मजल्याची हिरवी पट्टी आहे ना, ती माझ्या मामाने मारलीये.

झाकणी


२ मे

माझ्या झाकणी,

मी गाढव आहे. मामीने हे आधीच सांगितलं होतं, आज लेखी देतो. नाक घासून माफी मागतो. पत्र फळीवरच वाचलं. जोडीदाराला म्हटलं, मला खाली घे. दिवसभर ब्रश धरला नाही.

ओठांच्या कडेला पाच मिनिटांत चुरचुरतं असं तू लिहिलं होतंस. मी वाचलं आणि पुढे गेलो. काउंटरवर सावलीत बसणाऱ्या मुलीला ते कुठून कळलं, एवढं साधं माझ्या टाळक्यात शिरलं नाही. भिंतीचा बारीकसा पोपडा दिसतो मला आणि पोरीचं पत्र वाचता येत नाही. वर्षभर तू हे एकटीने काढलंस. मी असताना एकटीने! याचा मला राग येतो, आणि तो तुझ्यावर नाही.

त्या आजींबद्दल मी काय लिहिलं होतं ते मामीने खोडायला लावलं.

आता नजर चुकवण्याचं. झाकणी, सदतीस वर्षांत मी उडालेल्या, फुगलेल्या, ओल आलेल्या, शेवाळलेल्या भिंती बघितल्या. एकीकडेही पाठ फिरवली नाही, आणि तू तर भिंत नाहीस. तू जन्मलीस तेव्हा काविळीने पिवळीधमक होतीस, ताई रडत होती आणि मी तुला खिडकीतल्या कोवळ्या उन्हात धरून उभा होतो. तो तुझा पहिला रंग मी पाहिलाय. मग उन्हात हिंडून तू तांबूस झालीस, तो पाहिला. आता हा पाहीन. त्यात काय मोठंसं?

माणसं बघतात त्याला काय लावायचं, हे मला ठाऊक नाही. खोटं कशाला सांगू? लोक बघतील. मी फळीवर चढतो तेव्हाही बघतात, पहिले दोन दिवस. मग त्यांना त्यांची कामं आठवतात.

टाकी अठरा तारखेला पुरी होते. सकाळी दहाला ऊन बरोबर पडतं. त्याआधीच्या उजेडात भिंत लबाडी करते, पातळ लागलेलं झाकते. दुसरे डोळे मी शोधले नाहीत. शोधतो असं लिहिलं होतं ते नुसतं रागाने. तू आली नाहीस तर डोळ्यांवाचून रंगवीन, काही बिघडायचं नाही, पाणी काय कुठल्याही टाकीत राहतं. पण तू यावंस असं फार वाटतं.

एक विचारायचं राहिलं. माझी मापाने लावलेली पहिली ट्यूब नऊ दिवसांत संपली, रिकामी जपून ठेवलीये तुला दाखवायला. तुझी स्वतःची किती दिवस पुरते?

तुझा,
गाढव मामा


९ मे

प्रिय मामा,

आठ महिने.

माझी ट्यूब आठ महिने पुरलीये आणि अजून निम्मी आहे. तुझा प्रश्न वाचून मी ती हातात घेऊन कितीतरी वेळ बसले होते. तुला वर तोंड करून माप शिकवत होते आणि माझी ही तऱ्हा.

अठराला पहिल्या गाडीने येते. नवी ट्यूब आणेन, ती तिथेच उघडीन. तोंडाला फडकं गुंडाळलेलं असेल, आणि ते काढायला सांगायचं नाही. ही अट आहे. मला ओरडून सगळं सांगता येतं, फडक्यातूनही. मान्य असेल तर उत्तर पाठवू नकोस.

झाकणी


२२ मे

चि. झाकणीस आशीर्वाद.

तू गेल्यापासून घर सुनं वाटतं. मामी दोनदा चुकून तुझा चहा टाकून बसली.

एक गोष्ट तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहितो. तू खाली उभी होतीस, ते निळं फडकं डोळ्यांपर्यंत गुंडाळून, वर टोपी, हातात छत्री. मी वरून बघत होतो. दोन बोटांवर रेघा ओढून तू आधी हातांना लावलंस, मग फडक्याच्या आत हात घालून तोंडाला. चांगलं मापाने लावलंस. मग ओरडलीस, "डावीकडे, वरच्या कड्याखाली राहिलंय!" मी म्हटलं, "काय? ऐकू येत नाही!" तू परत ओरडलीस. मी परत कानाला हात लावला. तिसऱ्यांदाही. तेव्हा तू चिडलीस, छत्री फेकलीस, फडकं ओढून खाली केलंस आणि सात वर्षांची असताना ओरडायचीस तशी ओरडलीस, "बहिरटा मामा, डावीकडे!"

मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

आणि ती जागा मी मुद्दाम सोडली होती. हातभर लांब, आंधळ्यालाही दिसेल अशी. सदतीस वर्षांत पहिल्यांदा मी जाणूनबुजून भिंत कोरी ठेवली. जोडीदार म्हणाला, काय हे? मी म्हटलं, राहू दे, ती पोरीसाठी आहे.

तुझी अट मी मोडली नाही, फडकं काढायला सांगितलं नाही. फक्त बहिरा झालो. लबाडी म्हणायची तर म्हण.

तुझा चेहरा वरून दिसला, उन्हात, वर केलेला. ओठांशी पांढरं, डोळ्यांशी पांढरं, मधे तांबूस, त्यावर क्रीमचा थर, आणि रागाने लाल. सगळं दिसलं मला. रस्त्यावर सायकलवाले दोघं थांबले होते, तेही पाहिलं. ते मिनिटभर बघून निघून गेले. तू अडीच तास उभी होतीस.

फळीवरून उतरलो ते कायमचा. वाईट वाटेल असं वाटलं होतं, नाही वाटलं. फोटो पेटीला लावलेला नाही. नवा पाठव, रंग न मारता काढलेला.

तुझा,
मामा


२९ मे

प्रिय मामा,

तू मला इतकी भोळी समजतोस? हातभर जागा? तुझ्या हातून? ती दिसली तेव्हाच मी ओळखलं की ही मुद्दाम सोडलेली आहे. तिसऱ्यांदा तू कानाला हात लावलास तेव्हा तुझे खांदे हसताना हलत होते, तेही खालून दिसलं. नजर तिखट आहे माझी, तूच म्हणतोस.

तरी फडकं मीच काढलं. एवढं तुझ्या लक्षात राहू दे.

सोमवारी मालकीणबाईंना म्हटलं, मी काउंटरवर बसते. त्या म्हणाल्या, बस. इतकंच. मी सहा महिने विचारलं नव्हतं आणि त्यांनी सहा महिने बोलावलं नव्हतं. उन्हाच्या क्रीमचा कप्पा आता माझ्याकडे आहे. कुणी आलं की मी दोन बोटं पुढे करून माप दाखवते, त्याच पांढऱ्या हाताची. काही जण हाताकडे बघतात, बरेचसे मापाकडे. त्या आजी अजून बाईंकडूनच घेतात. घेऊ देत.

दुपारी जेवायला घरी जाते, छत्री घेऊन, रस्त्याच्या उन्हाच्या बाजूने. आई दारात उभी राहून वाट बघते आणि मी वळले की आत पळते, मला दिसू नये म्हणून.

नवा फोटो सोबत आहे, काउंटरवरचाच, दुपारचा. बघ, एका खेपेची नाही, पण सगळी मीच आहे.

आणि पाकिटात जी चपटी वस्तू लागतेय ती काढून बघ. टाकीखाली उघडलेली ट्यूब. काल संपली, अकरा दिवसांत.

तुझी,
झाकणी